अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन व्हायचंय? आधी राज्य बघा, मग परीक्षा

लग्नानंतर एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) न्यू जर्सीला, टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला आलेल्या आपल्याकडच्या डी.फार्म. आणि बी.फार्म. मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे मेडिकलमध्ये काम मिळेल का? मिळतं. पण फार्मासिस्ट म्हणून लगेच नाही, बहुतेकांना तर कधीच नाही. खुला असतो तो फार्मसी टेक्निशियनचा, म्हणजे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषधं मोजून-भरून देणाऱ्या कर्मचाऱ्याचा मार्ग. हा लेख त्या मार्गाबद्दल आहे. कागद कोणते, कोणत्या क्रमानं, आणि पैसे कुठे वाया जाऊ शकतात, ते सगळं यात आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण बराचसा गोंधळ तिथेच होतो. सर्टिफिकेशन आणि रजिस्ट्रेशन ही इथे दोन वेगळी कामं आहेत. सर्टिफिकेशन म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या खासगी संस्थेची परीक्षा पास होऊन मिळालेलं प्रमाणपत्र. ते तुमचं असतं, राज्य बदललं तरी तुमच्याबरोबर येतं. रजिस्ट्रेशन, काही राज्यांत ज्याला लायसन्स म्हणतात, ते देतं राज्याचं बोर्ड ऑफ फार्मसी, आणि ते त्या राज्यापुरतंच चालतं. काही राज्यं सर्टिफिकेशनशिवाय रजिस्ट्रेशन देत नाहीत, काही देतात, काही आधी शिकाऊ म्हणून घेतात आणि मग मुदत घालतात. त्यामुळे मैत्रिणीनं डॅलसला काय केलं त्यावरून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पावलं टाकू नका.

आपली पदवी इथे कुठे बसते

हा भाग कटू आहे, पण आधी उरकलेला बरा. परदेशी पदवीवर अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं तर एनएबीपी या राष्ट्रीय संस्थेचं एफपीजीईसी, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. वर एम.फार्म. केलं तरी ती वर्षं जोडून मिळत नाहीत. म्हणजे २००३ च्या आधी बी.फार्म. झालेले पात्र, नंतरचे अपात्र. भारतात २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. केलेल्यांना मात्र हा रस्ता मोकळा आहे.

तुम्ही फार्म.डी. असाल किंवा २००३ पूर्वीचे पदवीधर असाल, तर टेक्निशियनच्या परीक्षेमागे लागण्याआधी एफपीजीईसीचा विचार करा. ते मिळालं की राज्याकडून इंटर्न म्हणून नोंदणी होते. फार्मासिस्टच्या परवान्यासाठी लागणारे तास इंटर्न म्हणून भरावे लागतात, टेक्निशियन म्हणून केलेलं काम त्यात सहसा धरत नाहीत. दोन वर्षं टेक्निशियनगिरी करून मग हे कळलं की फार चुटपुट लागते.

बाकीच्यांसाठी डी.फार्म. किंवा बी.फार्म. हा इथे कागदोपत्री फार मोठा आधार नाही. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही इथे रूपांतरित होत नाही. बोर्ड विचारतं ते बारावीचं. हायस्कूल पूर्ण झालं आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. पदवीचा उपयोग होतो तो परीक्षेच्या अभ्यासात आणि मुलाखतीत, आणि तिथे तो भरपूर होतो.

पहिली पायरी: काम करायची परवानगी

एच-४ वर असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड हवं. २६ मे २०१५ पासून ते एच-४ जोडीदारांना मिळू लागलं, पण सगळ्यांना नाही. एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर असावा लागतो, किंवा त्याला सहा वर्षांच्या मर्यादेपुढची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. ईएडीसाठीचा आय-७६५ अर्ज भरतानाच सोशल सिक्युरिटी नंबरची मागणी करता येते. तो रकाना सोडू नका, कारण बोर्डाच्या अर्जात हा नंबर लागतो. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीनं बदली करून आणलेल्यांच्या जोडीदारांचं सोपं आहे. आय-९४ वर (देशात प्रवेशाची नोंद) एल-२एस असं छापलेलं असेल तर वेगळं ईएडी न काढताही काम करता येतं.

ईएडी नसेल तर? अभ्यास करा, वर्ग लावा, पण फार्मसीत पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. 'पगार नको, शिकायला येते' असं म्हणून ओळखीच्या देशी फार्मसीत काउंटरमागे उभं राहणं धोक्याचं आहे. विनापगारी कामही काम ठरू शकतं, आणि त्याची किंमत पुढे ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर मोजावी लागते.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी त्याची शेवटची तारीख डोळ्यांसमोर ठेवावी. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या बहुतेक अर्जांना ती मिळत नाही. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तर तेव्हाच करा. कार्ड संपलं की फार्मसी तुम्हाला दुसऱ्या दिवशी शिफ्टवर घेणार नाही, मग तुमचं काम कितीही चोख असो.

दुसरी पायरी: तुमच्या राज्याचा नियम

राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीच्या संकेतस्थळावर जा आणि 'फार्मसी टेक्निशियन' हा विभाग शांतपणे वाचा. तिथे चार प्रश्नांची उत्तरं शोधायची: सर्टिफिकेशन आधी लागतं का, शिकाऊ नोंदणी आहे का आणि किती काळाची, बोटांचे ठसे कुठे द्यायचे, परदेशी बारावी चालते की तिचं मूल्यमापन लागतं. आपली माणसं जिथे जास्त आहेत तिथली चित्रं किती वेगळी आहेत बघा.

टेक्सासमध्ये आधी टेक्निशियन ट्रेनी म्हणून नोंदणी होते. ती दोन वर्षांची असते आणि पुन्हा मिळत नाही. या दोन वर्षांत काम करत शिकायचं, राष्ट्रीय परीक्षा पास व्हायची आणि टेक्निशियन म्हणून अर्ज करायचा. माझ्या मते नवख्या माणसाला ही सगळ्यांत सोयीची पद्धत आहे, कारण पगार घेत तयारी होते. फक्त घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून चालू होतं, नोकरी लागल्यापासून नाही. बाळंतपण, भारतवारी असं काही ठरलेलं असेल तर ट्रेनी नोंदणी घाईनं काढून ठेवू नका.

कॅलिफोर्नियात असा शिकाऊ परवाना नाही. थेट टेक्निशियनचं लायसन्सच घ्यावं लागतं. हायस्कूल किंवा समकक्ष शिक्षण हवं, आणि त्यावर आणखी एक गोष्ट: फार्मसी टेक्नॉलॉजीमधली असोसिएट पदवी, मान्य प्रशिक्षण वर्ग, बोर्डमान्य फार्मसी कॉलेजची पदवी, किंवा राष्ट्रीय सर्टिफिकेशन. 'फार्मसी कॉलेजची पदवी' हे वाचून आपले डोळे चमकतात, पण 'बोर्डमान्य' या शब्दावर थांबा. आपल्याकडच्या कॉलेजच्या पदवीवर विसंबून अर्ज करण्यापेक्षा परीक्षा देऊन अर्ज करणं सुरक्षित. ठसे लाइव्ह स्कॅननं, म्हणजे डिजिटल पद्धतीनं द्यायचे असतात. लायसन्स हातात येईपर्यंत तिथे औषध मोजता येत नाही, पण कॅशियरचं किंवा प्रिस्क्रिप्शन संगणकात भरण्याचं काम करता येतं. दार उघडायला ते वाईट नाही.

न्यू जर्सीत बोर्डाकडे नोंदणी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची, राष्ट्रीय सर्टिफिकेशन मात्र नाही. म्हणजे ते घेऊ नये असं अजिबात नाही. बऱ्याच मालकांना ते हवं असतं आणि पगाराची बोलणी करताना हातात काहीतरी असतं.

हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलं की वेगळंच. तिथे २०२२ पासून 'रजिस्टर्ड फार्मसी टेक्निशियन' हा दर्जा आहे तो हॉस्पिटलसारख्या संस्थांच्या फार्मसीपुरता, आणि त्याला राष्ट्रीय सर्टिफिकेशन लागतं. कोपऱ्यावरच्या रिटेल फार्मसीत मदतनीस असतात, त्यांना हा परवाना लागत नाही आणि त्यांना करता येणारी कामंही मोजकीच. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: नियम राहत्या घराचा लागत नाही, फार्मसी ज्या राज्यात आहे तिथला लागतो.

तिसरी पायरी: कागद, आणि नावाचा घोळ

बारावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका मूळ स्वरूपात जवळ ठेवा. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर नाव कसं छापलेलं असतं? आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. इथल्या कारकुनानं ते डावीकडून वाचलं की तुमचं आडनाव हे तुमचं पहिलं नाव होतं. त्यात लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलेलं असेल तर कागदोपत्री तुम्ही दोन वेगळ्या बायका ठरता. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू ('फर्स्ट नेम अननोन') छापलं जातं, ते तिसरंच.

उपाय असा. महापालिकेचं किंवा निबंधकाचं विवाह प्रमाणपत्र काढून ठेवा, मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. नाव राजपत्रातून बदललं असेल तर त्याची प्रत ठेवा. आणि यापुढे सगळीकडे एकच नाव वापरा: सोशल सिक्युरिटी कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, परीक्षेचं खातं, बोर्डाचा अर्ज. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर परत पाठवतात आणि फी बुडते.

परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन लागत असेल तर ते कोणत्या संस्थेचं चालतं हे बोर्डाला आधी विचारा. डब्ल्यूईएससारख्या संस्थांचे अहवाल बऱ्याच ठिकाणी चालतात. फक्त बारावीचं हवं असेल तर बी.फार्म.च्या चारही वर्षांचं सविस्तर मूल्यमापन करून घेऊ नका. त्याचे पैसे जास्त, आणि विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायची दगदग वेगळी.

अर्जात जुन्या अटकेबद्दल, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. किरकोळ प्रकरणापेक्षा ते लपवणं बोर्डाला जास्त खटकतं.

चौथी पायरी: प्रशिक्षण कुठून घ्यायचं

राष्ट्रीय परीक्षा दोन आहेत. पहिली पीटीसीबीची, तिचं नाव पीटीसीई. ही संस्था १९९५ पासून आहे आणि बहुतेकांना तिचंच प्रमाणपत्र ठाऊक असतं. दुसरी एनएचए या संस्थेची एक्ससीपीटी. पास झाल्यावर नावापुढे सीपीएचटी (सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन) लावता येतं. दोन्हींपैकी कोणतीही दिली तरी पुष्कळ राज्यांत चालते, पण सगळीकडे नाही, म्हणून पुन्हा राज्याचा नियम बघायचा.

पीटीसीईला बसायचं तर संस्थेनं मान्य केलेला प्रशिक्षण वर्ग पूर्ण केलेला हवा, किंवा टेक्निशियन म्हणून ५०० तासांचा समकक्ष अनुभव हवा. एक्ससीपीटीला वर्ग किंवा १,२०० तासांचं देखरेखीखालचं काम.

आता पैशांची गोष्ट. 'आठ आठवड्यांत सर्टिफाइड टेक्निशियन' अशा जाहिराती फेसबुकवर रोज दिसतात. त्यातले बरेच वर्ग स्वतःचं 'कोर्स पूर्ण केल्याचं' प्रमाणपत्र देतात. ते म्हणजे सीपीएचटी नव्हे. पैसे भरण्याआधी पीटीसीबीच्या संकेतस्थळावरच्या मान्य वर्गांच्या यादीत त्या वर्गाचं नाव शोधा. सापडलं नाही तर सोडून द्या. कम्युनिटी कॉलेजांचे वर्ग लांबलचक असतात, पण प्रात्यक्षिक आणि फार्मसीतली उमेदवारी त्यात मिळते.

मला विचाराल तर सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग वेगळाच आहे. सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या मोठ्या साखळ्यांचे स्वतःचे मान्य प्रशिक्षण कार्यक्रम आहेत. राज्य शिकाऊ नोंदणी देत असेल तर आधी तिथे ट्रेनी म्हणून लागा. प्रशिक्षण त्यांचं, पगार सुरू, आणि परीक्षेची फी ते भरतात का हे मुलाखतीतच विचारा. काम धकाधकीचं असतं, ड्राइव्ह-थ्रूची घंटी थांबत नाही, फोन वाजतच असतो. पण सहा महिन्यांत इथली औषधं, इथला विमा आणि इथलं बोलणं तिन्ही अंगवळणी पडतात. विमा म्हणजे काय चीज आहे हे कुठलाही वर्ग शिकवू शकत नाही.

पाचवी पायरी: परीक्षा

पीटीसीईची फी १२९ डॉलर. अर्ज मंजूर झाला की ९० दिवसांत परीक्षा द्यायची असते. पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन, दोन्ही पर्याय आहेत. घरात लहान मूल असेल तर केंद्रावरच जा. ऑनलाइन परीक्षेत कोणी खोलीत डोकावलं तरी परीक्षा थांबवू शकतात. प्रश्न ९०, सगळे बहुपर्यायी, वेळ एक तास पन्नास मिनिटं. त्यातले ८० प्रश्नच गुणांत धरतात, उरलेले १० चाचणीसाठी असतात आणि ते कोणते हे कळत नाही. गुण १,००० ते १,६०० या पट्टीवर देतात. १,४०० ला पास.

चार भाग असतात: औषधं, केंद्रीय कायदे, रुग्णसुरक्षा आणि प्रिस्क्रिप्शनची नोंद व प्रक्रिया. सर्वांत मोठा वाटा औषधांचा. जानेवारी २०२६ मध्ये आराखडा बदलला आणि कायद्याचा वाटा वाढला, त्यामुळे कोणीतरी वापरून झालेलं जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आपल्याकडे शिकलेल्यांना फार्माकॉलॉजी अवघड जात नाही. ठेच लागते ती ओळखीच्या गोष्टींना. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन. सालब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिन म्हणजे रिफॅम्पिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. क्रोसिन, डोलो विसरा, टायलेनॉल पाठ करा. सर्वाधिक खपणारी दोनशे औषधं, त्यांची ब्रँड आणि जेनेरिक नावं, कशासाठी देतात, हे तक्त्यात लिहून फ्रिजवर लावा.

यात एक खरोखर धोक्याचं आहे. आपल्याकडे डॉक्टर 'ओडी' लिहितात ते दिवसातून एकदा या अर्थानं. अमेरिकेत 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. दिवसातून एकदासाठी पूर्वी 'क्यूडी' लिहीत, आता तेही टाळून पूर्ण शब्द लिहिण्याचा आग्रह असतो. तसंच इन्शुलिन. भारतात ४० युनिट प्रति मिलीच्या कुप्या सर्रास मिळतात, इथे नेहमीचं प्रमाण १०० युनिट प्रति मिली. तारीखही उलटी: ०३/०४ म्हणजे ४ मार्च.

गणित दहावीच्या वरचं नसतं, पण त्याला सराव लागतो. किती दिवस पुरेल, हा प्रश्न हमखास. १० मिलीची इन्शुलिनची कुपी, म्हणजे १,००० युनिट, रोज ४० युनिट घ्यायचे, तर २५ दिवस. डोळ्यांचे थेंब ५ मिली, एका मिलीत २० थेंब धरायचे, दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब म्हणजे रोज चार, तर पुन्हा २५ दिवस. हा आकडा परीक्षेपुरता नाही. तो चुकला की विमा कंपनी दावा नाकारते आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत राहतं. एक चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली, एक किलो म्हणजे २.२ पौंड, ही परिमाणं तोंडपाठ हवीत. दशांशाच्या आधी शून्य लिहायचं, मागे नाही: ०.५ बरोबर, ५.० चूक, कारण टिंब दिसलं नाही तर पाचाचे पन्नास होतात.

कायद्यात आपल्या शेड्यूल एच, एच-१ चा इथल्या शेड्यूलशी काही संबंध नाही. इथे १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याप्रमाणे पाच वर्ग आहेत. पहिल्या वर्गातलं काहीच फार्मसीत येत नाही. दुसऱ्या वर्गात ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथिलफेनिडेट येतात. हायड्रोकोडोनची मिश्रणंही ऑक्टोबर २०१४ पासून याच वर्गात. या वर्गाला रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध नाही, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन, आणि माल मागवायला डीईएचा (केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण खातं) २२२ क्रमांकाचा फॉर्म किंवा त्याची इलेक्ट्रॉनिक सोय. तिसऱ्या-चौथ्या वर्गाला सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच रिफिल. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल चौथ्या वर्गात. आपल्याकडे ट्रामाडॉल ज्या सहजतेनं लिहिलं जातं ते इथे डोक्यातून काढून टाका.

डॉक्टरचा डीईए नंबर खरा की बनावट, हे तपासायची युक्तीही परीक्षेत येते. दोन अक्षरं आणि सात आकडे असतात. दुसरं अक्षर बहुधा डॉक्टरच्या आडनावाचं पहिलं अक्षर. समजा आकडे १२३४५६३ आहेत. पहिला, तिसरा, पाचवा मिळवा: १ + ३ + ५ = ९. दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करा: १२ × २ = २४. दोन्हींची बेरीज ३३. शेवटचा आकडा ३, आणि नंबराचा सातवा आकडाही ३. जुळलं. हे जुळलं म्हणून नंबर खराच असं नाही, पण जुळलं नाही तर खोटा नक्की.

सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे का ठेवतात, तेही वाचून जा. २००५ च्या कायद्यानं एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम आणि ३० दिवसांत ९ ग्रॅम एवढीच विक्रीची मर्यादा घातली, आणि ओळखपत्र बघून नोंद ठेवावी लागते. नाव सारखं वाटणाऱ्या जोड्याही येतात. हायड्रॉक्सिझीन आणि हायड्रालाझीन ही त्यातली नेहमीची: एक खाजेवर, दुसरं रक्तदाबावर.

परीक्षा संपताच पास-नापास पडद्यावर कळतं. अधिकृत निकाल दोन-तीन आठवड्यांत येतो. तो आला की राज्याच्या बोर्डाकडे जोडून अर्ज पूर्ण करा. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे काम सुरू करता येईल असं नाही, राज्याची नोंदणी सक्रिय दिसेपर्यंत थांबावं लागतं.

काउंटरवर गप्प राहायला शिकणं

भारतात मेडिकलमध्ये काम केलेल्यांना सगळ्यांत जड जातं ते हे. गिऱ्हाईक विचारतं, 'ही गोळी जेवणाआधी की नंतर?' उत्तर तुम्हाला येतं. चार वर्षं तेच शिकलात. तरी द्यायचं नाही. सल्ला देणं, औषधांचा एकमेकांवरचा परिणाम तपासणं, शेवटची पडताळणी, ही फार्मासिस्टची कामं. 'फार्मासिस्ट तुमच्याशी बोलतील' हे वाक्य जिभेवर बसवा. आपल्या वयाच्या निम्म्या फार्मासिस्टकडे वळून ते म्हणताना पहिले काही महिने आत काहीतरी टोचतं, हे खरं आहे. पण ओलांडलेली रेष बोर्डापर्यंत गेली तर नोंदणी तुमची जाते.

शेजारच्या काकूंची औषधं कोणती, हेही बाहेर बोलायचं नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा मराठी मंडळाच्या स्नेहभोजनातही लागू असतो. 'अगं, त्यांना शुगर आहे वाटतं' एवढंही नको.

नूतनीकरण, आणि राज्य बदलताना

पीटीसीबीचं सर्टिफिकेट दोन वर्षांचं. त्या काळात २० तासांचं निरंतर शिक्षण हवं, त्यात एक तास कायद्याचा आणि एक रुग्णसुरक्षेचा. एनएचएचंही साधारण असंच. टेक्निशियनसाठी आखलेलेच तास धरतात. फार्मासिस्टसाठीचे वर्ग करून ठेवले तर ते मोजले जात नाहीत. राज्याचं नूतनीकरण वेगळं, त्याची तारीख वेगळी, अटी वेगळ्या. टेक्सासला राज्याच्या कायद्याचा तास लागतो, कॅलिफोर्नियाला सांस्कृतिक जाणिवेचा. दोन्ही तारखा फोनमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसकट घाला.

पगाराचा अंदाज हवा म्हणून: अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये फार्मसी टेक्निशियनचं मध्यम वेतन वर्षाला ४३,४६० डॉलर होतं. हॉस्पिटलमध्ये सहसा रिटेलपेक्षा जास्त मिळतं. तिथे निर्जंतुक औषधं बनवण्याचं काम असतं आणि त्यासाठी सीपीएचटी असलेल्यांना पुढे सीएसपीटी हे याच कामाचं प्रगत प्रमाणपत्र घेता येतं. ज्यांचा हात प्रयोगशाळेत बसलेला आहे त्यांनी रिटेलमध्ये दीड-दोन वर्षं काढून तिकडे बघावं.

पत्ता बदलला तर बोर्डाला कळवायची मुदत असते, टेक्सासात १० दिवस, कॅलिफोर्नियात ३० दिवस. आयटीच्या प्रोजेक्टपायी घर हलवणाऱ्यांच्या हातून हेच सुटतं. दुसऱ्या राज्यात जायचं ठरलं की सर्टिफिकेटचं काही करावं लागत नाही, फक्त खात्यातला पत्ता बदला. नव्या राज्याचा अर्ज मात्र सामान बांधायच्या आधी टाका, कारण ठसे आणि तपासणीत काही आठवडे जातात. जुन्या राज्याची नोंदणी लगेच रद्द करू नका. नवं बोर्ड बहुधा जुन्या बोर्डाकडून तुमच्यावर कारवाई झालेली नाही याची खातरजमा मागतं, आणि नोंदणी चालू असताना ती मिळवणं सोपं जातं. साखळी फार्मसीत असाल तर मॅनेजरकडे बदली मागा, पण नव्या दुकानातली पहिली शिफ्ट नव्या राज्याची नोंदणी सक्रिय झाल्यावरचीच घ्या.